मायक्रोकंट्रोलरला डीएस१८बी२० बनवताना: स्लेव्हच्या बाजूचं टायमिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. पॉलीहाउसमधल्या तयार कंट्रोलरला फक्त डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर ओळखता येतो आणि त्याचा सोर्स कोड हातात नाही. मोजायचा आहे मातीचा ओलावा. म्हणून ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर अर्डुइनो उनोला जोडायचा, आणि उनोनेच बसवर (सगळी उपकरणं जोडलेल्या वनवायरच्या एकाच डेटा तारेवर) डीएस१८बी२० असल्याचं सोंग घ्यायचं. टेबलावर दुसरा उनो नेहमीची वनवायर लायब्ररी घालून मास्टर म्हणून ठेवला आहे (विचारणारा तो मास्टर, उत्तर देणारा तो स्लेव्ह). प्रेझेन्स पल्स (‘मी आहे’ हा स्लेव्हचा इशारा) दर वेळी मिळते. आयडी कधी येतो, कधी नाही. स्क्रॅचपॅड (सेन्सरची रीडिंग ठेवणारी छोटी मेमरी) वाचला तर सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा बाइट) जुळत नाही आणि बिट एक-दोन घरं सरकल्यासारखे दिसतात. कोडमध्ये अटॅचइंटरप्ट, पिनमोड आणि डिलेमायक्रोसेकंड्स ही अर्डुइनोची तयार फंक्शन वापरली आहेत.

तुमच्या कोडचं लॉजिक बरोबर आहे. मार खातोय तो वेळेचा हिशोब, आणि बिट का सरकतात तेही त्यातच दडलंय.

आधी हे लक्षात घ्या की या प्रोटोकॉलची जवळपास सगळी कागदपत्रं मास्टर लिहिणाऱ्यासाठी आहेत. डॅलस सेमीकंडक्टर (२००१ पासून मॅक्सिम, २०२१ पासून अॅनालॉग डिव्हायसेस) स्लेव्ह चिप विकायची. तुम्ही स्लेव्ह स्वतः बनवावा, अशी तिची इच्छा असण्याचं कारणच नव्हतं. त्यामुळे डेटाशीटमधले आकडे उलट्या बाजूने वाचावे लागतात: मास्टरला जी सूट दिली आहे, ती स्लेव्हची जबाबदारी असते.

रीसेट आणि प्रेझेन्सचं काम सैल आहे. मास्टर लाइन किमान ४८० मायक्रोसेकंद लो ठेवतो. त्याने सोडल्यावर स्लेव्हने १५ ते ६० मायक्रोसेकंद थांबायचं आणि मग ६० ते २४० मायक्रोसेकंद लाइन लो ओढायची. एवढ्या रुंद खिडकीत कसाही लिहिलेला कोड बसतो. म्हणून तुमचा प्रेझेन्स छान दिसतो, आणि तो दिसला म्हणजे अर्धं काम झालं असं वाटतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

मास्टर जेव्हा तुमच्याकडून बिट वाचतो, तेव्हा तो लाइन क्षणभर लो करून सोडतो आणि त्या फॉलिंग एजपासून (लाइन खाली गेल्याच्या क्षणापासून) १५ मायक्रोसेकंदांच्या आत लाइन बघतो. तुम्हाला ० पाठवायचा असेल तर तोपर्यंत तुम्ही लाइन पकडलेली हवी. डेटाशीटप्रमाणे मास्टरने किमान १ मायक्रोसेकंद लो ठेवलं तरी चालतं. अर्डुइनोची लायब्ररी ३ मायक्रोसेकंद लो ठेवते, मग १० थांबते आणि वाचते, म्हणजे एजपासून तेराव्या मायक्रोसेकंदाला. लिनक्सचा ड्रायव्हर ६ लो ठेवतो आणि पंधराव्याला वाचतो. तुमच्या कंट्रोलरमध्ये काय आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून सगळ्यात कडक मास्टर गृहीत धरायचा.

आता तुमचा खर्च मोजा. इंटरप्ट म्हणजे एज आली की चालू काम थांबवून तुमचं फंक्शन चालवणं; अटॅचइंटरप्ट ते फंक्शन पॉइंटरमधून बोलावतं, त्यामुळे आत शिरण्याआधी कंपायलर रजिस्टरांची मोठी रांग स्टॅकवर ठेवतो. त्यात दोन-तीन मायक्रोसेकंद जातात. मग ‘आता पाठवायचंय की घ्यायचंय, कितवा बाइट, कितवा बिट’ हा विचार. मग पिनमोड, जे पिन नंबरवरून पोर्ट शोधतं आणि त्यात आणखी काही मायक्रोसेकंद घालवतं. तुम्ही लाइन पकडता ती सातव्या-आठव्या मायक्रोसेकंदाला. तेराच्या आत आहे, म्हणून कधी कधी चालतं. पण मध्येच मिलिस या वेळ मोजणाऱ्या फंक्शनसाठीचा टायमर०चा इंटरप्ट आला (१६ मेगाहर्ट्झवर तो दर १०२४ मायक्रोसेकंदांनी येतो) की तेवढा उशीर वाढतो आणि तो बिट गेला.

हे झालं बिट चुकण्याचं. सरकण्याचं कारण वेगळं आहे. मास्टरने तिसऱ्या मायक्रोसेकंदाला लाइन सोडली, ४.७ किलोओहमच्या पुल-अपने (लाइन वर ओढणाऱ्या रेझिस्टरने) ती वर गेली, आणि सातव्याला तुम्ही ती पुन्हा खाली ओढली. ही दुसरी फॉलिंग एज तुमचीच आहे, पण चिपला ते माहीत नाही. तुम्ही इंटरप्टच्या आत असल्यामुळे ती लगेच चालत नाही, नुसता आयएनटीएफ० फ्लॅग (एज आल्याची खूण) लागून राहतो. बाहेर पडलात की तोच इंटरप्ट पुन्हा चालतो, नवा स्लॉट आला असं समजून बिटचा काउंटर आणखी एकने पुढे जातो, आणि तिथून पुढचं सगळं सरकतं. पडताळून बघा: १ पाठवताना तुम्ही लाइनला हात लावत नाही, त्यामुळे सगळे एफएफ (हेक्समध्ये, म्हणजे सगळे बिट १) पाठवले तर एकही बिट सरकणार नाही. सगळे ०० पाठवले तर प्रत्येक बिटला सरकेल, पण कुठून कुठे सरकलं ते शून्यांमध्ये दिसणार नाही. मध्ये एखादा ०१ घाला म्हणजे दिसेल.

म्हणून स्लेव्ह लिहिताना एकच नियम डोक्यात ठेवायचा: एज आल्यावर विचार करायचा नाही. पुढच्या स्लॉटला लाइन ओढायची की नाही, हे आधीच्या स्लॉटच्या शेवटी ठरलेलं पाहिजे. गर्दीच्या लोकलमध्ये दादर आल्यावर दाराकडे निघणाऱ्याला दादरला उतरता येत नाही, तसंच हे.

एव्हीआरवर (उनोतली चिप याच कुटुंबातली) यासाठी एक फार सोयीची जागा आहे. जीपीआयओआर० नावाचं रिकामं रजिस्टर. त्याला हार्डवेअरचं काही काम नाही, पण त्यातला एकेक बिट एका इन्स्ट्रक्शनमध्ये तपासता येतो. त्याचा बिट ० हा ‘पुढच्या एजला ओढ’ असा निरोप ठरवा. मग आयएनटी०चा (बस जोडलेल्या पिनचा) इंटरप्ट ‘नेकेड’ लिहायचा, म्हणजे कंपायलरने आपल्या मनाने काही ढकलाढकल करायची नाही, आणि पहिल्या दोनच इन्स्ट्रक्शन असेंब्लीत द्यायच्या: एसबीआयसी जीपीआयओआर०, ० आणि त्याखाली एसबीआय डीडीआरडी, २. बिट ० असेल तर दुसरी इन्स्ट्रक्शन वगळली जाते, १ असेल तर पिन आउटपुट होते. या दोन्ही इन्स्ट्रक्शन स्टेटस रजिस्टरला हात लावत नाहीत, म्हणून आधी काहीच जपून ठेवावं लागत नाही. त्यानंतर सी मधल्या नेहमीच्या इंटरप्टवर उडी मारा, तिथे रजिस्टरं सावकाश जपली तरी चालतात. १६ मेगाहर्ट्झवर एक क्लॉक ६२.५ नॅनोसेकंदांचा. इंटरप्टला प्रतिसाद, व्हेक्टरची उडी आणि या दोन इन्स्ट्रक्शन मिळून हिशोब एका मायक्रोसेकंदाच्या आसपास बसतो. मास्टर अजून लाइन धरून असतो, त्यामुळे मधला उंचवटाच उरत नाही.

इथे पोर्टडीचा तो बिट कायम ० ठेवायचा आणि फक्त डीडीआर (पिन इनपुट की आउटपुट हे ठरवणारं रजिस्टर) बदलायचा. लाइन कधीही हाय ड्राइव्ह करायची नाही, वर न्यायला पुल-अप आहे. डिजिटलराइट हाय लिहिलेले कोड बरेच दिसतात. ते आधी लाइनवर ५ व्होल्ट जोराने ढकलतात, आणि दुसरा स्लेव्ह त्याच क्षणी लो ओढत असेल तर दोन चिपांची कुस्ती लागते.

आता वेळ कुठून मोजायची. इंटरप्टच्या आत डिले लावून बसू नका. टायमर१ला ८चा प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा) द्या, म्हणजे एक टिक अर्ध्या मायक्रोसेकंदाची. प्रत्येक फॉलिंग एजला टायमर शून्य करा. मग दोन कम्पेअर लावा (टायमर ठरलेल्या आकड्याला पोचला की इंटरप्ट देणारे). कम्पेअर ए ५६ वर, म्हणजे २८ मायक्रोसेकंदांवर. कम्पेअर बी ६०० वर, म्हणजे ३०० मायक्रोसेकंदांवर.

कम्पेअर ए हा स्लॉटचा हमाल. पाठवत असाल तर तो लाइन सोडतो. घेत असाल तर तो लाइन वाचतो: मास्टरने १ लिहिला असेल तर त्याने १५ मायक्रोसेकंदांच्या आत लाइन सोडलेली असते, ० लिहिला असेल तर ६० पर्यंत ती लो राहते, म्हणजे २८ ला दोन्हींत गोंधळ होत नाही. हे झालं की त्याच इंटरप्टमध्ये पुढचा बिट ठरवा आणि जीपीआयओआर० भरून ठेवा. स्लॉट संपायला अजून तीसेक मायक्रोसेकंद असतात, म्हणजे पाचशे क्लॉक. त्यात भरपूर काम होतं. शिवाय आयएनटीएफ० फ्लॅग लाइन ओढल्यावर लगेच, आयएनटी०च्याच इंटरप्टमध्ये, साफ करा (त्यावर १ लिहिला की तो साफ होतो). एखादा मास्टर खरोखरच १ मायक्रोसेकंदाचा लो देणारा निघाला तरी मग भूत उभं राहणार नाही. हा फ्लॅग स्लॉटच्या शेवटी साफ करण्याचा मोह टाळा. तेव्हा तुम्ही पुढच्या खऱ्या स्लॉटची एज पुसून टाकू शकता, कारण अर्डुइनोची लायब्ररी ० लिहिल्यावर दोन स्लॉटांमध्ये फक्त ५ मायक्रोसेकंद सोडते.

कम्पेअर बी हा रीसेट ओळखणारा. प्रत्येक एजला टायमर शून्य होत असल्यामुळे, ३०० पर्यंत टायमर पोचला आणि लाइन अजून लो आहे, याचा अर्थ ती सलग लो आहे. ३०० का, तर ० लिहिण्याचा लो जास्तीत जास्त १२०, दुसऱ्या एखाद्या स्लेव्हची प्रेझेन्स जास्तीत जास्त २४०, आणि खरा रीसेट किमान ४८०. २४० च्या खाली मर्यादा ठेवलीत तर शेजारच्या सेन्सरची प्रेझेन्स तुम्हाला रीसेट वाटेल. रीसेट कुठल्याही अवस्थेत ओळखता आला पाहिजे, अगदी तुम्ही बाइटच्या मध्यात असलात तरी. मास्टर अर्धवट वाचून सोडून देतो, त्याला ते सगळे बाइट हवेच असतात असं नाही.

रीसेट कळल्यावर आयएनटी० रायझिंग एजवर वळवा. लाइन वर गेली की ३० मायक्रोसेकंदांनी ओढा, १२० धरा, सोडा. मग लगेच फॉलिंग एज ऐकायला बसू नका. बसवर दुसरे सेन्सर असतील तर त्यांची प्रेझेन्स लाइन सुटल्यापासून ३०० मायक्रोसेकंदांपर्यंत चालू शकते. मास्टरचा पहिला स्लॉट मात्र ४८० च्या आधी येत नाही. तेव्हा ३५० च्या सुमारास फ्लॅग साफ करून कान उघडावेत.

सर्चमध्ये (मास्टर बसवरचे सगळे आयडी शोधतो तेव्हा) आयडी कधी येतो, कधी येत नाही, त्याचं कारण वरचंच आहे, पण सर्चचा क्रम तुमच्या कोडमध्ये तपासून घ्या. एफ० ही कमांड आल्यावर आयडीच्या ६४ बिटांपैकी प्रत्येकासाठी तीन स्लॉट: आधी बिट पाठवा, मग त्याचा उलटा बिट पाठवा, मग मास्टर लिहील तो बिट घ्या. तो तुमच्या बिटाशी जुळला तर पुढे, नाही जुळला तर पुढच्या रीसेटपर्यंत गप्प. सगळं सर्वांत कमी वजनाच्या बिटापासून, आणि पहिला बाइट फॅमिली कोड, म्हणजे हेक्स २८. गप्प बसणं म्हणजे जीपीआयओआर० शून्य ठेवून फक्त कम्पेअर बी चालू ठेवणं. ५५ या कमांडने दुसऱ्याचा आयडी बोलावला गेला तरीही हेच.

सीआरसी आधीच काढून ठेवायचा, इंटरप्टमध्ये नाही. बहुपद एक्सचा आठवा, पाचवा आणि चौथा घात अधिक १, उजवीकडे सरकवत काढताना ८सी. स्वतःचं फंक्शन बरोबर आहे का हे बघायला मास्टरची गरज नाही: ०२ १सी बी८ ०१ ०० ०० ०० या सात बाइटांचा सीआरसी ए२ आला पाहिजे. आणि नुकताच वीज मिळालेला खरा डीएस१८बी२० जो स्क्रॅचपॅड देतो, ५० ०५ ४बी ४६ ७एफ एफएफ ०सी १०, त्याचा १सी. दोन्ही जुळले की सीआरसीवरचा संशय सोडा. सगळ्या शून्यांचा सीआरसी शून्यच येतो हेही ध्यानात असू द्या. लाइन जमिनीला चिकटली असेल तर बेफिकीर मास्टरला सगळं ‘बरोबर’ दिसतं.

स्क्रॅचपॅडचे नऊ बाइट दोन प्रतींत ठेवा. मेन लूपने एका प्रतीत ओलावा आणि सीआरसी लिहायचा, ४४ ही ‘मोजमाप कर’ सांगणारी कमांड आल्यावर फक्त पॉइंटर बदलायचा. नाहीतर कधीतरी जुन्या आकड्याचा खालचा बाइट आणि नव्याचा वरचा बाइट असं मिश्रण जाईल. ४४ नंतर मास्टर रीड स्लॉट देऊन ‘झालं का’ विचारू शकतो, खरी चिप तेव्हा रूपांतर होईपर्यंत ० देते आणि मग १. तुमचं मोजमाप आधीच तयार आहे, त्यामुळे काहीच न ओढता १ जाऊ द्या. बी४ ही वीज कुठून घेता असं विचारणारी कमांड, तिथेही स्वतंत्र वीज असलेल्याने १ द्यायचा, म्हणजे पुन्हा काही करायचं नाही. काही मास्टर या दोन गोष्टी कधी विचारतच नाहीत, ७५० मिलिसेकंद थांबतात आणि बीई, म्हणजे स्क्रॅचपॅड वाचण्याची कमांड, पाठवतात.

आकडा अंशाच्या सोळाव्या भागात जातो. ओलावा ४७ टक्के असेल तर ४७ गुणिले १६ म्हणजे ७५२, हेक्समध्ये ०२एफ०, आणि तारेवर आधी एफ० मग ०२. इथे एक खड्डा आहे. बरोबर ८५.०० हा डीएस१८बी२०चा वीज आल्यावरचा आकडा असल्यामुळे बरीच सॉफ्टवेअर तो चूक समजून फेकून देतात. ओलावा नेमका ८५ आला की तुमचं रीडिंग गायब होईल. १३६० आलं तर १३६१ पाठवा, मातीला काही फरक पडत नाही.

आता उनोतल्या बाकीच्या गोष्टी. टायमर०चा ओव्हरफ्लो इंटरप्ट बंद करा. मिलिस आणि डिले दोन्ही मरतील, मरू द्यात, टायमर२ फुकट आहे. सिरियलही बंद, कारण त्याचेही इंटरप्ट असतात. सेन्सर आयटूसीवर असता तर वायर लायब्ररीनेही हाच त्रास दिला असता. तुमचा अॅनालॉग आहे, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग) पोल करून, म्हणजे इंटरप्टशिवाय तपासत राहून, वाचा, त्यात काही अडत नाही. मेन लूपमध्ये इंटरप्ट बंद करायची वेळ आलीच तर दोन-चार इन्स्ट्रक्शनपुरती. वीज वाचवायला झोपवायचं मनात असेल तर फक्त आयडल मोड: पॉवर-डाउनमधून जागं होताना क्रिस्टल चालू होईपर्यंत स्लॉट निघून गेलेला असतो.

स्लेव्ह बनवायची आयती वनवायरहब लायब्ररी आहेच, आणि उनो दुसरं काही करणार नसेल तर ती वापरायला हरकत नाही. पण ती लूपमधून सतत पोल करावी लागते, त्यामुळे तुमचं मोजमाप तिच्या फटीत बसवावं लागतं. मला वरची रचना जास्त भरवशाची वाटते.

पुढे छोट्या बोर्डवर न्यायचं असेल तर एटीटायनी८५ चालते. टायमर १६ बिटांचा नाही, पण तिच्या टायमर१ला १६चा प्रीस्केलर आहे. ८ मेगाहर्ट्झवर टिक २ मायक्रोसेकंदांची, मग कम्पेअर १४ आणि १५० वर. आतला ऑसिलेटर कारखान्यातून दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. वरच्या मर्यादा तेवढं सहन करतात, त्या मुद्दाम मधोमध ठेवल्या आहेत. आरपी२०४० असेल तर हे काम पीआयओवर (पिना स्वतंत्रपणे हाताळणाऱ्या तिच्यातल्या भागावर) टाका, ते अगदी याच प्रकारच्या कामासाठी बनलंय. ईएसपी३२वर वायफाय चालू ठेवून साध्या इंटरप्टने हे करू नका, उशीर किती होईल याची खात्री देता येत नाही. आणि या दोन्ही चिपांच्या पिनांना ५ व्होल्टचा पुल-अप चालत नाही.

तारेबद्दल दोनच गोष्टी. इथरनेटच्या केबलची कपॅसिटन्स मीटरमागे पन्नासेक पिकोफॅरड असते. दहा मीटरला ५००, आणि ४.७ किलोओहमशी त्याचा टाइम कॉन्स्टंट झाला जवळपास २.४ मायक्रोसेकंद. तुम्ही सोडल्यावर लाइन लगेच वर जात नाही. पॉलीहाउसमधली तार याहून लांब असेल तर पुल-अप कमी करून २.२ किलोओहम लावून बघा. दुसरं, उनोची वीज गेली आणि बसची चालू राहिली, तर पिनच्या आतल्या डायोडमधून बस उनोला पोसायला बघते आणि सगळी लाइन खाली बसते. मग बाकीचे खरे सेन्सरही दिसेनासे होतात. कंट्रोलर आणि उनो एकाच पुरवठ्यावर ठेवा.

हे सगळं डोळ्यांनी पाहायला २४ मेगाहर्ट्झचा आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अॅनलायझर घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळून जाईल. पल्सव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये वनवायरचा डीकोडर आयता आहे. एक चॅनेल बसवर, दुसरा उनोच्या मोकळ्या पिनवर. तो पिन आयएनटी०च्या सी मधल्या भागात शिरताना आणि कम्पेअर एमध्ये शिरताना उलटवा (एव्हीआरमध्ये पिनबीवर १ लिहिला की पिन उलटतो, एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये). आधी आजचाच कोड लावून सर्च चालवा, तिसऱ्या आणि सातव्या मायक्रोसेकंदामधला तो उंचवटा दिसेल. मग नवा कोड. उंचवटा गेला आणि कम्पेअर एची खूण प्रत्येक स्लॉटला एजपासून तिशीच्या आसपास पडायला लागली, की उनो कंट्रोलरला जोडा, आणि शेजारी एक खरा डीएस१८बी२० ठेवा, म्हणजे सर्चमध्ये दोघांचे आयडी वेगळे निघतात का तेही कळेल.